चालू स्थितीत

जप्तीमामांना त्या दिवशी खुर्ची चावत होती. बसत, उठत, फाटकापर्यंत जात, परत येत. जप्त केलेल्या गाड्यांच्या आवाराचे ते राखणदार. अडवून ठेवणं हा त्यांच्या घराण्याचा धंदाच म्हणा ना! आजोबा कोंडवाड्यावर, मोकाट गुरं आत घ्यायचे. वडील धरणाच्या दारांवर, पाणी अडवायचे. मामांच्या वाट्याला गाड्या आल्या. आणि परवापासून, कुणाच्या नकळत, आणखी एक वस्तू: पोटच्या लेकीचा पासपोर्ट.

लेकीला समुद्रापार इस्पितळात नोकरी लागली होती. सोमवारचं विमान. ती अंघोळीला गेली तेवढ्यात मामांनी पर्समधून पासपोर्ट काढला आणि आवारातल्या कपाटात, गाड्यांच्या किल्ल्यांशेजारी टांगला. घरी लेक गाद्या उलथ्यापालथ्या करत होती आणि मामाही पलंगाखाली वाकून शोधत होते! रंगमंचावर असते तर टाळ्या पडल्या असत्या.

दुपारी कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करणारा बाहुलीवाला आला. नको तिथे उभी केली म्हणून त्याची व्हॅन उचलून आणली होती. वर्षभरानं सोडायचा हुकूम मिळाला होता. मामा दर आठवड्याला प्रत्येक गाडी जरा वेळ सुरू करून ठेवत आणि मग हातभर पुढे ढकलत, एकाच अंगावर टेकून चाकं बसू नयेत म्हणून. व्हॅन पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"बघा! चालू स्थितीत घेतली, चालू स्थितीत दिली," मामा छाती फुगवून म्हणाले.

बाहुलीवाल्यानं मागचं दार उघडून राजा उचलला. दोऱ्या कुजल्या होत्या. राजाचा हात निखळून लोंबू लागला.

"मागचं दार उघडायची आम्हाला परवानगी नसते हो," मामा पुटपुटले.

"दोऱ्या नव्या ओवता येतील, मामा. पण वर्षभर खेळ नाही केला. आता ही ऐकत नाहीत." त्यानं बोटं हलवून दाखवली. आवाजात राग नव्हता, हेच मामांना झोंबलं.

व्हॅन वळणाआड गेली. मामांनी कपाट उघडलं, पासपोर्ट खिशात घातला, बदलीवाल्याच्या हातात किल्ल्या कोंबल्या आणि तडक घर गाठलं.

लेक जमिनीवर बसून तीच पर्स पुन्हा उपसत होती. मामांनी पासपोर्ट पुढे धरला.

"बाबा, तुम्ही? माझ्याबरोबर पलंगाखाली शोधत होतात ना?"

"कंबर खरंच दुखली गं."

"तरीच!" बायको आतून कडाडली. "एरवी यांना स्वतःचा चष्मा शोधायचा कंटाळा!"

कुणी हसलं नाही. पासपोर्टला जप्त गाड्यांच्या किल्ल्यांना असते तशी पुठ्ठ्याची चिठ्ठी लोंबत होती. हाताच्या सवयीनं मामांनी तीही बांधली होती. लेकीनं मोठ्यानं वाचलं, "रंग निळा. स्थिती चालू. मालकाची सही..." ती थांबली. "पेन द्या."

"अगं, राहू दे."

"द्या म्हणते ना!"

तिनं इतकी दाबून सही केली की पुठ्ठा फाटला.

"येशील ना परत?" मामांनी कसंबसं विचारलं.

"ते लिहायला यावर जागा नाही, बाबा." डोळे पुसत ती कपड्यांच्या घड्या करू लागली.

मामांना बसवेना. दाराशी तिची चाकांची बॅग उभी होती. ते उठले, बॅग हातभर पुढे ढकलून आले. थोड्या वेळानं पुन्हा उठले.