मॅडमचे सात सर्व्हर

मॅडम कुणाला 'नमस्कार' म्हणत नसत, 'काय बिघडवलं?' असं विचारत. पुण्याची नोकरी सोडून मी नगरच्या ज्या रुग्णालयात आलो, तिथल्या संगणक विभागाच्या त्या प्रमुख. पहिल्या दिवशी मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "आधी धुऊन ये. वडापावचं तेल माझ्या कीबोर्डला नको."

मी त्यांचा मनापासून द्वेष करत असे.

रुग्णालयाच्या सातही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली होती. नवी बसवण्याची मॅडमची पद्धत म्हणजे छळ. आधी कोपऱ्यातल्या जुनाट मशीनवर सगळं स्वतः तयार करायचं, तपासायचं. मग एका सर्व्हरवर बसवायचं आणि आठ दिवस नुसतं बघत राहायचं. मग दुसरा.

"पुण्यात आम्ही एका सकाळी सगळे उरकायचो," मी सर्वांदेखत म्हणालो.

"मग पुण्यालाच जा की. इथं माणसं ॲडमिट असतात."

मी त्यांच्या माघारी संचालकांकडे गेलो, त्यांच्यामुळे काम रखडतंय असं सांगितलं आणि परवानगी मिळवली. मॅडमचा पहिला सर्व्हर तेवढा झाला होता; रविवारी त्या चर्चला गेल्या असताना उरलेले सहाही सर्व्हर मी एका दमात अपग्रेड केले. दुपारी लॅबची यंत्रं सर्व्हरशी बोलेनाशी झाली. रक्ताचे रिपोर्ट वॉर्डात पोचेनात. राहुरीहून आणलेली एक बाई आयसीयूत अत्यवस्थ होती. तिचे आकडे कागदावर लिहून घेऊन सिस्टर जिने चढत होत्या. मी कीबोर्डसमोर बसून एकेक सर्व्हर बंद-चालू करत होतो.

मॅडम चर्चच्या पांढऱ्या साडीतच आल्या. "ऊठ," एवढंच म्हणाल्या. शुक्रवारी माझं तोंड बघूनच त्यांना वास आला होता. लॅबच्या सर्व्हरची पूर्ण प्रत त्यांनी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली होती. दीड तासात जुनी सिस्टिम चालू झाली. बाई वाचली. त्यात माझा वाटा शून्य.

सोमवारी संचालकांनी माझा राजीनामा मागितला. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. हा आता भ्यायलाय. न भ्यायलेला नवीन आणून परत शिकवायचं माझ्या लई जिवावर येतं."

बाहेर आल्यावर मी आभार मानू लागलो. "नको," त्या म्हणाल्या. "मला तू आवडत नाहीस."

पुढची तीन वर्षं त्यांनी मला सगळं शिकवलं, एकदाही न हसता. निवृत्तीच्या दिवशी सर्व्हररूमची किल्ली टेबलावर टाकली. "विश्वास अजून बसलेला न्हाई. दुसरं कुणी नाही म्हणून देते."

गेल्या वर्षी सातही सर्व्हर मी एकट्याने नवे केले, त्यांच्याच संथपणे. दोन महिने लागले. पेढे घेऊन श्रीरामपूरला त्यांच्या बहिणीच्या घरी गेलो. मॅडम अंथरुणाला खिळल्या होत्या.

"काय बंद पडलं?"

"काहीच नाही, मॅडम."

"मग तुझं तपासायचं राहिलंय. जा, परत बघ."

पेढ्याला त्यांनी हातही लावला नाही. मी धुमसतच परतलो आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा तपासलं. चौथ्या सर्व्हरचा बॅकअप तीन आठवडे रिकामाच जात होता.

सांगायला फोन केला, तो बहिणीने उचलला. मॅडम पहाटे गेल्या होत्या.

मी फोन ठेवला, आधी बॅकअप दुरुस्त केला आणि मग रडलो.