पार्किंगमधली विहीर

गेल्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी वाचनालयातून परतले, तेव्हा आगाशी रस्त्यावरच्या आमच्या इमारतीच्या गेटपाशी बँड वाजत होता…

गेटबाहेर लाल लुगडी नेसलेल्या, अंबाड्यात फुले माळलेल्या दहा-बारा बायका उभ्या होत्या. सर्वांत पुढे, तांब्याची कळशी कमरेवर घेऊन एक आजी.

मला क्षणात उमगले. मागच्या वर्षी कॉलेजच्या स्पर्धेत मी ‘दोन नद्यांमधले शहर’ हा निबंध लिहिला होता. दक्षिणेला उल्हासची खाडी, उत्तरेला वैतरणा, आणि मध्ये वेगवेगळ्या काळात येऊन रुजलेली माणसे… वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी, पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती घरे, आणि आता आमच्यासारखे फ्लॅटवाले.

त्या निबंधात एक वाक्य होते. ‘इथल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीचे पाणी वाजतगाजत आणून नवरीला न्हाऊ घालतात, ही प्रथा आजही जिवंत आहे.’ बक्षीस देताना परीक्षकांनी त्या वाक्याचे विशेष कौतुक केले होते. मी मात्र ते पुस्तकांवरून लिहिले होते… पाहिले काहीच नव्हते.

वॉचमनने रजिस्टर पुढे केले. “नाम बोलो माताजी. किससे मिलना है?”

“विहिरीला,” आजी म्हणाल्या.

बायका खळखळून हसल्या. मागून एक जण म्हणाली, “बघ गं कातरीनमावशी, आपल्याच विहिरीवर आपन व्हिजिटर!”

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी काका खाली आले. आजींनी त्यांना बोटाने दाखवले, पार्किंगच्या त्या कोपऱ्यात, जिन्याशेजारी, लोखंडी झाकण आहे ना, त्याच्याखाली. आजींच्या आतेसासवा, नणंदा, मुली, सगळ्या त्याच पाण्याने न्हाऊन नवऱ्या झाल्या. उद्या नातीचे लग्न होते. एक कळशी हवी होती.

आठ वर्षांपूर्वी आम्ही तुळिंजहून इथे राहायला आलो. तेव्हापासून मी आधी सायकल आणि आता स्कूटी त्याच झाकणावर उभी करते आहे…

“आजी, जागा विकताना नाही आठवली का विहीर?” काकांनी विचारले.

आजींनी कळशी दुसऱ्या कमरेवर घेतली. मग म्हणाल्या, “जागा इकली पोरांनी. पानी नव्हतं इकलं.”

काकांनाही ओशाळल्यासारखे झाले असावे. ते वाईट नाहीत. नियमाला घाबरणारे आहेत. “हे बघा, कोणाही एका मेंबरने म्हणावं की ही माझी पाहुणे मंडळी आहेत. फ्लॅट नंबर लिहा, आत या, झाकण मी उघडून देतो.”

मी दोन हातांवर उभी होते. ‘४०२’ एवढाच आकडा उच्चारायचा होता. आजींनी माझ्याकडे पाहिले. “बाय, तू इथलीच ना?”

मी होकारार्थी मान हलवली. एवढेच. वरच्या गॅलऱ्यांतून लोक मोबाइलवर शूटिंग करत होते आणि बँडवाले थांबले होते. ज्यांच्याविषयी मी चार पाने लिहिली, त्यांच्यासाठी मला एक शब्द बोलता आला नाही.

मग पाण्याचा टँकर आला. वॉचमनने धावत जाऊन गेट सताड उघडले. टँकरला कोणी विचारले नाही की कोणाला भेटायचे आहे…

बायका बाजूला सरकल्या. ड्रायव्हरने खिडकीतून पाहिले. “शादी है क्या, अम्मा?” आजींनी होकार दिला. तो खाली उतरला, चपला काढून ठेवल्या, पाइपचे तोंड धुतले, आणि कळशी काठोकाठ भरून दिली. ते पाणी कुठल्या विहिरीचे होते, त्यालाच ठाऊक.

आजींनी कळशीवर हात ठेवला, कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. बँड पुन्हा सुरू झाला. परतताना त्यांनी एकदाही त्या झाकणाकडे वळून पाहिले नाही.

त्या अनोळखी ड्रायव्हरचे आभार कसे मानावेत, मला कळत नाही. त्या संध्याकाळी या शहराची लाज त्याने राखली, आणि तो या शहराचा आहे की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही.

काल वॉचमन जेवायला गेल्यावर मी रजिस्टर उघडले. त्याने लिहिलेली शनिवारची ओळ तशीच होती. नाव, कातरीन. भेटीचे कारण, पानी. फ्लॅट नंबरचा रकाना रिकामा.

मी पेन काढले आणि तिथे नीट, वळणदार अक्षरात लिहिले, ४०२… माझे अक्षर पहिल्यापासून सुंदर आहे. शाळेत त्यासाठीही बक्षीस मिळाले होते.