धनकुंवरबाईंचं शिळं पाणी

शिंदखेड्यात नळ आला की माणसं आधी शिळ्या पाण्यावर तुटून पडतात. आठ-दहा दिवस जिवापाड जपलेलं पिंपातलं, हंड्यातलं, बादलीतलं पाणी त्या तासाभरात एकदम नकोसं होतं. ताजं आलं ना, मग जुनं ओता! गल्लीतल्या गटारी वाहायला लागतात, आणि नवव्या दिवशी तीच माणसं नळाच्या नावानं बोटं मोडत बसतात. या सगळ्या गडबडीत बाजारपेठेतल्या एका घरातलं साठ लिटर शिळं पाणी मात्र जागचं हलत नाही. ते धनकुंवरबाईंचं. त्याला कोणी हात लावून तर बघावा.

बाई अडुसष्ट वर्षांच्या. राजस्थानातून लग्न होऊन इथे आल्या त्याला एकोणपन्नास वर्षं झाली. नवरा घेवरचंद, कापडाचे व्यापारी, सोळा वर्षं अंथरुणावर काढून चार वर्षांपूर्वी गेले, आणि त्यानंतर घरात बाईंना कोणी काही विचारेनासं झालं. कोणी वाईट वागत होतं असं नाही. मुलगा जिनेश गुणाचा, सून मायेची. पण बाईंची खाट पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत गेली ती त्यांना न विचारता, आणि दुकानाचं नाव बदललं तेही त्यांना पाटी लागल्यावर कळलं. माणूस घरात असून नसल्यासारखा व्हायला एवढं पुरतं.

मासे आले ते नात पलकच्या वाढदिवसाला. कोणा हौशी पाहुण्यानं काचेच्या गोल भांड्यात तीन गोल्डफिश आणून दिले. बाईंनी कपाळाला हात लावला. "जिवंत जीव काय भेट देतात? उद्या माणसं वाटाल!" पण आलेला जीव टाकायचा कसा? जिनेशनं धुळ्याहून दोन फुटी टाकी आणली, पाणी गाळणारा स्पंज आणला, आणि जूनमध्ये पलक शिरपूरला वसतिगृहात राहायला गेली. जाताना म्हणाली, "दादी, यांना तूच बघ हं." चार वर्षांत कोणी पहिल्यांदाच बाईंवर काही सोपवलं होतं.

बाईंनी ते काम असं मनावर घेतलं की पंधरा दिवसांत एक मासा मारून टाकला.

झालं असं, की बाई जैन धर्माच्या पक्क्या. पाणी गाळून, उकळून, गार करून प्यायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं व्रत. घरातलं सगळ्यात शुद्ध पाणी कोणतं, तर हे. मग माशांना दुसरं का द्यायचं? त्यांनी चार पातेली पाणी उकळलं, रात्रभर झाकून गार केलं, टाकी रिकामी केली आणि सगळी त्या पाण्यानं भरली. सकाळी तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडीत होते. बाईंना वाटलं, भूक लागली असेल. दुपारी एक उलटा तरंगला. पाच इंद्रियांचा जीव आपल्या हातून गेला, आणि तोही आपल्या पुण्याच्या पाण्यात, हे बाईंना सोसेना. त्यांनी उपवास केला, पण जिवाची तळमळ उपवासानं थांबली नाही.

दुसरा मासा कमलबाईनं घालवला. कमलबाई वीस वर्षं त्यांच्याकडे धुण्याभांड्याला. नळाच्या दिवशी तिच्या अंगात वारं संचारतं. बाई सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसल्या होत्या तेवढ्यात तिनं टाकी उपसली, राखेनं घासली, स्पंज नळाच्या धारेखाली धरून पांढरा होईतो पिळला, आणि थेट नळाचं पाणी काठोकाठ भरलं.

"देखा अक्का, बठ्ठं पानी नवं भरी दिधं. आते काच कशी चमकी ऱ्हायनी!"

काच खरंच चमकत होती. पाण्याला औषधाचा वास येत होता. दोन दिवसांत मोठा मासा गेला. कमलबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मन्हाच हातनी चूक व्हयनी, अक्का." बाई तिला रागवल्या नाहीत. रागवायचं कोणत्या तोंडानं? आता एकच उरला होता. नारिंगी, शेपटीला पांढरी कड. तो कोपऱ्यात तळाशी बसून राहिला होता आणि बाई टाकीपुढे.

तिसऱ्या दिवशी बाईंनी पिशवी घेतली आणि एकट्या एसटीनं धुळ्याला गेल्या. जिनेशला वाटलं, देवदर्शनाला गेली असेल.

माशांच्या दुकानात भूषण नावाचा मुलगा होता, पंचविशीचा. त्यानं बाईंचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आजी, उकळलं की पाण्यातली हवाच निघून जाते. मासा गुदमरतो. आणि नळाचं ताजं पाणी औषधाचं, ते कल्ल्यांना जाळतं. पाणी दीड दिवस उघडं ठेवायचं. मग आठवड्यातून एकदा टाकीतलं पाव पाणी काढायचं आणि तेवढंच हे घालायचं. सगळं कधीच बदलायचं नाही. जुनं पाणी त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं."

"आणि तो स्पंज? घाण होतो ना."

"तो नळाखाली धुतलात तर संपलं. माशाची घाण खाणारे बारीक जीव असतात त्यात, डोळ्यांना न दिसणारे. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळायचा. दुसऱ्या पाण्यात ते जीव मरतात, आणि मग माशाच्या घाणीचं विष होतं."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. हे तर त्यांना सासूनं एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी शिकवलं होतं! विहिरीचं पाणी कापडातून गाळायचं, आणि कापडावर जे न दिसणारं उरतं, ती जिवाणी, ती गाळलेल्या पाण्यानं हळूच धुऊन त्याच विहिरीत परत सोडायची. या विहिरीची त्या विहिरीत टाकली तर पाप. त्या पाण्याचा जीव त्याच पाण्यात. नळ आले, विहिरी बुजल्या, आणि ती रीत सांगितली की सून गालात हसायची. आज धुळ्याचा एक पोरगा जीन्सच्या खिशात हात घालून तेच सांगत होता.

"हे मला ठाऊक आहे," बाई ताठ होऊन म्हणाल्या. "तू कुठे शिकलास?"

"मोबाईलवर, आजी."

"बरं शिकलास." मग त्यांनी माशाच्या खाण्याचा डबा उचलला आणि यात काय आहे म्हणून विचारलं. भूषणनं मान खाजवली आणि खरं ते सांगितलं, की माशांचंच पीठ. बाईंनी तो डबा असा खाली ठेवला की पोरगा दोन पावलं मागे सरला. मग त्यानंच तोड काढली, उकडलेला वाटाणा साल काढून द्या, पालकाचं पान द्या, पण चिमूटभरच. जास्त घातलं तर खाली सडतं आणि पाणी नासतं.

त्या दिवसापासून त्या घरात माशाचं राज्य सुरू झालं. एक बादली कायम टाकीशेजारी, तोंडाला विरळ मलमल बांधलेली, हवा जावी पण चिलट पडू नये म्हणून. दर गुरुवारी नळीनं पाव पाणी बाहेर, त्यात स्पंज दोनदा पिळायचा, मग बादलीतलं पाणी वाटी-वाटीनं आत. दिवस मावळल्यावर बाई जेवत नाहीत, म्हणून मासाही जेवत नसे. त्यामुळे पाणी आणखीच नितळ राही. जिनेश हसून म्हणायचा, "शिंदखेड्यात चौविहार करणारा हा पहिलाच मासा." हसला तर हसला. मासा कोपऱ्यातून बाहेर आला होता, अंगानं भरला होता, आणि बाई खोलीत आल्या की काचेशी येऊन शेपटी हलवत होता. घरात त्यांच्या येण्याची दखल घेणारा तो एकटाच होता, हे बाई कोणाजवळ बोलल्या नाहीत, पण स्वतःपासून लपवलंही नाही.

मग एप्रिल आला. नळ बारा दिवसांवर गेला. गल्लीत कुजबुज सुरू झाली, की माणसांना प्यायला नाही आणि घेवरचंदची विधवा माशाला आंघोळ घालते. खरं तर बाई आंघोळ अर्ध्या बादलीत उरकायच्या आणि उरलेली अर्धी माशाच्या वाट्याची. टाकीतून काढलेलं पाणी कमलबाई कढीपत्त्याला आणि मिरच्यांना घालायची, आणि मिरच्या अशा लागल्या होत्या की कुजबुजणाऱ्या बायकाच मागायला येत. पण हे जिनेशला कोण सांगणार? त्याला दुकानात बसावं लागतं आणि चार लोकांचं ऐकावं लागतं.

ते ऐकूनच मोतीलालभाईंनी तोड काढली. मोतीलालभाई म्हणजे घेवरचंदांचे थोरले चुलतभाऊ, बाईंचे जेठ, वय पंचाहत्तर, समाजात शब्दाला मान. महावीर जयंतीला जीवदयेचा कार्यक्रम करू, मिरवणुकीनंतर गावाबाहेरच्या तळ्यात मासा मुक्त करू, फोटो पेपरला देऊ. जीवदयाही झाली आणि लोकांची तोंडंही बंद. जिनेशनं होकार दिला. आईला विचारायचं राहून गेलं. नेहमीसारखं.

जयंती आली ती गुरुवारी. मिरवणूक संपली आणि मोतीलालभाई चार-पाच जणांना घेऊन, हातात हार घातलेली नवी बादली घेऊन घरात शिरले. बाई तेव्हा टाकीपाशी होत्या, पाणी ओढायला नळी तोंडाजवळ आणि पदर खोचलेला. जेठ दिसताच त्यांनी पदर सोडून तो नाकापर्यंत ओढला. एकोणपन्नास वर्षांत त्या जेठांपुढे एक शब्द बोलल्या नव्हत्या. काही सांगायचं तर तिसऱ्याच्या तोंडून.

"जिनेशच्या आईला सांगा," मोतीलालभाई छताकडे बघत म्हणाले, "मुहूर्त चांगला आहे. मासा द्या."

बाईंनी जिनेशकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. तेव्हा त्यांना सगळं कळलं, आणि खाट हलवली तेव्हा जो राग आला नव्हता तो आता आला. त्या कमलबाईच्या कानाशी लागल्या. कमलबाई कमरेला हात लावून पुढे झाली.

"अक्का म्हनस, मासा आठेच ऱ्हाई."

"तिला म्हणावं, जीव कोंडून ठेवणं हे पाप आहे."

बाई पुन्हा पुटपुटल्या. कमलबाईला आता चेव चढला होता. "अक्का म्हनस, तळामा पानी नही, नुस्ता गारा शे. याना जनम काचमा ग्या. बगळा याले दोन मिन्टमा खाई टाकी. आनि जगना वाचना तं दुसरा मासासना अंडा खाई. मंग हाई दया कोनी, शेठ, तुम्हनी का बगळानी?"

शेवटचं वाक्य बाईंनी सांगितलं नव्हतं. बरोबर आलेल्यांपैकी एक जण खोकला. मोतीलालभाईंचा चेहरा लाल झाला. त्यांना मासा हवा होता असं नाही, फक्त आपला शब्द खाली पडायला नको होता. त्यांनी हार घातलेली बादली टाकीपुढे आणून ठेवली आणि वाट अडवून उभे राहिले.

"सांगा तिला," ते म्हणाले, "हा मासा दहा-पंधरा वर्षं जगतो म्हणे. तिला अडुसष्ट. आज आहे, उद्या नाही. तिच्यामागे याचं पाणी कोण बदलणार?"

कमलबाईनं बाईंकडे पाहिलं. जिनेशनंही. हा प्रश्न बाईंनी टाकीपुढे बसून स्वतःला कितीदा विचारला होता आणि उत्तर एकदाही सापडलं नव्हतं. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी ओल्या हातानं पदर मागे सारला, इतका मागे, की पांढरे केस उघडे पडले, आणि जेठांच्या डोळ्यांत बघितलं.

"यांचं अंग लुळं पडलं, तेव्हा सोळा वर्षं मी यांना भरवलं, धुतलं, वेळेवर औषध दिलं," त्या म्हणाल्या. आवाज आधी फाटला, मग लागला. "तेव्हा तुम्ही कोणी आलात का विचारायला, की धनकुंवर, उद्या तू नसलीस तर घेवरचंदला कोण बघणार? मी मरेन हे तेव्हा कोणाच्या मनात आलं नाही. काम होतं तोवर मी मरणारी नव्हते. आता एक मासा मला हवासा वाटला, तर तुम्हाला माझं वय आठवलं?"

बाईंनी नळी पुन्हा उचलली.

"मी मरायची तेव्हा मरेन, जेठजी. तुम्हाला कळवीन. आज पाणी बदलायचा दिवस आहे आणि नळी अर्धी भरली आहे. बाजूला व्हा."

मोतीलालभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. त्यांनी बादली उचलली आणि ते बाजूला झाले.