घशाचं चक्र आणि क्रुसाची लदीन

थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि माझा गाता आवाज गेला. बोलता येत होतं, पण सूर लावायला तोंड उघडलं की वर नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, "धीर धरा." धीर हा प्रकार माझ्याकडे कधीच नव्हता. शाळेत भूगोल शिकवायची तेव्हाही नव्हता, हे गावातले निम्मे लोक शपथेवर सांगतील.

मे महिन्यात आमच्या आळीतल्या क्रुसासमोर लदीन होते. सगळी आळी सतरंज्यांवर जमून प्रार्थना गाते आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. लदीन उचलायचा, म्हणजे पहिली ओळ गायचा मान सासूबाईंनंतर माझ्याकडे आला. उचलणारीने जो सूर धरला, त्याच सुरात सगळ्यांनी शेवटपर्यंत गायचं, अशी रीत. मी सूर उंच धरायची. पुरुषांच्या मानेच्या शिरा फुगायच्या आणि मला मजा यायची. माझा नवरा तर गायचाच नाही. कट्ट्यावर बसून चण्यांची वाट बघायचा.

यंदा मात्र धाकटे दीर येऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही आराम करा. मोबाइलवरची लदीन स्पीकरला लावू."

"मी मेल्यावर लावा," मी म्हटलं. तेवढंही घोगरंच निघालं, त्याचा आणखी राग आला.

दुसऱ्याच दिवशी मी स्कूटर काढून निर्मळला गेले. तिथे विरारहून एक मुलगी योग शिकवायला येते आणि ती शरीरातल्या चक्रांवर काम करते, असं ऐकलं होतं. "फादर काय म्हणतील?" नवऱ्याने विचारलं.

"फादरना कंबरदुखी आहे. त्यांनाही घेऊन जाईन."

मुलीने डॉक्टरांचे कागद पाहिले. मानेवर भार येईल असं एकही आसन करायचं नाही, ही तिची पहिली ताकीद. मग म्हणाली, "आंटी, घसा म्हणजे विशुद्ध चक्र. पण आपण मूलाधारापासून स्टार्ट करू."

"ते कुठे असतं?"

"कण्याच्या एकदम खाली."

"बिघाड घशात, आणि तू बुडापासून सुरुवात करणार?"

सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. "पाय डगमगतायत तुमचे. आधी नीट उभ्या राहा."

मग रोज ताडासन, वीरभद्रासन. मांड्या थरथरायच्या, मी पुटपुटायची, ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मे जवळ येत होता आणि मी अजून पायांतच अडकले होते. शेवटी मी परस्पर सिंहासन सुरू केलं. पहाटे केळींच्या वाडीत गुडघ्यांवर बसायचं, जीभ बाहेर काढायची आणि गर्जना करायची. शेजारीण मोगरा खुडत होती. टोपली टाकून ती पळाली आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत आळीभर झालं की वाडीत बिबट्या शिरलाय.

योगवाल्या मुलीला कळल्यावर ती म्हणाली, "घशानेच ओढताय ना? पोटावर हात ठेवा. नाभीतून येऊ दे." नाभीशी मणिपूर चक्र, असं तिचं म्हणणं. डोळे मिटून मी भ्रामरीचा गुंजारव धरला. खालून एक जाड, अनोळखी आवाज आला. नकाशावर दाखवता येत नाही त्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही, त्यामुळे चक्रांचं खरं-खोटं मी सांगणार नाही. पण छातीवर हात ठेवला तर हाड थरथरत होतं. त्या दिवशी घरी येताना मला रडू आलं. मग रोज तेच केलं, पायांपासून सुरू करून, एकही दिवस न चुकवता.

लदीनच्या संध्याकाळी क्रुसाला फुलं वाहिली होती. बाजूला स्पीकर, त्याच्याजवळ दीर, मोबाइलवर अंगठा ठेवून तयार. मी चपला काढून उभी राहिले. सवयीने जुना उंच सूर लावायला गेले आणि नुसती हवा आली. कोणीतरी खाकरलं. दिरांचा अंगठा हलला.

मी त्यांच्याकडे बोट रोखलं. पाय रोवले, श्वास पार खाली नेला आणि पहिली ओळ उचलली, पुरुष बोलतात तिथे, तळात. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पण रीत ती रीत. एकेक करून सगळ्या खाली उतरल्या. पुरुषांना तर घर सापडल्यासारखं झालं.

तिसऱ्या ओळीला माझ्या मागून एक भरदार आवाज आला. मला ओळखता येईना. वळून पाहिलं, तर कट्ट्यावर माझा नवरा, डोळे मिटून, सगळे शब्द तोंडपाठ. माझी पुढची ओळ जवळजवळ चुकली.

चणे खाताना मी विचारलं, "इतकी वर्षं गायला काय झालं होतं?"

"तू कधी इतक्या खाली आलीच नाहीस."

मी माझ्या वाट्याचे चणे त्याच्या ओंजळीत ओतले. पुढच्या वर्षीही लदीन मीच उचलणार, याच सुरात. उद्या सकाळी त्याला स्कूटरवर मागे बसवून निर्मळला नेते. फादरांचं नंतर बघू.