फ्राउ केलरचं गाव

नागपूरच्या विमानतळावर आई माझा हात सोडत नव्हती. "धंतोलीत दवाखाने कमी हायेत का वं? काहून जाऊन राहिली इतक्या दूर?" धंतोलीतल्याच एका दवाखान्यात मी सहा वर्षं नर्स होते. बाबा एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिले. नाही जमलं तं येईन वापस."

जर्मनीतलं ते गाव नागपूरच्या कडेच्या आमच्या हुडकेश्वरपेक्षाही लहान. तिथल्या वृद्धाश्रमात मला काम मिळालं होतं. पहिल्या हिवाळ्यात खरंच जमेना. परीक्षा देऊन शिकलेली माझी जर्मन तिथल्या म्हाताऱ्यांच्या बोलीपुढे तोकडी पडायची. फोनवर "मस्त आहे" म्हणायचे आणि परतीची तिकिटं पाहत बसायचे.

फ्राउ केलर, म्हणजे केलरबाई, आश्रमातच राहायच्या. आयुष्यभर त्यांनी पाहुण्यांना गाव फिरवून दाखवलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानंतर मात्र त्या बोलेनाशा झाल्या. मार्चमध्ये ऊन पडलं तेव्हा मी त्यांना चाकाच्या खुर्चीतून बाहेर नेलं. जुन्या वेशीपाशी थांबलो आणि त्या अचानक बोलू लागल्या. अडखळत, पण सलग. पूर्वी अंधार पडला की वेस बंद व्हायची, उशीर झालेल्याला तटाबाहेरच राहावं लागायचं.

मग रोज जेवणानंतर आमची फेरी ठरलेली. त्या सांगायच्या, एकदा सगळं गाव जळालं होतं. लोकांनी लाकडी चौकटींची घरं पुन्हा उभारली, दारांवर नवराबायकोची नावं कोरली. नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा, सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर. खरी जर्मन मी तिथेच शिकले, त्यांची वाक्यं पाठ करत.

एका रविवारी चौकात काही पर्यटक आमच्याभोवती जमले. आगीची गोष्ट सांगता सांगता फ्राउ केलरचा शब्द हरवला. लोक अवघडले. मी पुढचं वाक्य म्हटलं. मग त्याच्या पुढचं, अगदी शेवटपर्यंत.

एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

मी बोलायच्या आत फ्राउ केलर म्हणाल्या, "इथली. आमची आहे ती."

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अन् आमची नाही का वं?"

"तुमची तं आहोच मी."

फ्राउ केलर आता नाहीत. सुटीच्या दिवशी पर्यटकांची फेरी मीच नेते. गेल्या मे महिन्यात आईबाबा आले, त्यांनाही नेलं. बाबांनी प्रत्येक दारावरची नावं वाचायला लावली, आणि दमून बाकावर बसत म्हणाले, "चांगलं हाये तुह्यं गाव."

नागपूरला निघताना मी "घरी चालले" म्हणते. तिथून परत निघतानाही तेच शब्द तोंडात येतात. आई आता ते ऐकून दचकत नाही.