ओढ्याचं माप

आमच्या ओढा बचाव समितीत अकरा सभासद होते. मन लावून काम करणारी मात्र एकच बाई होती आणि ती सभासद नव्हती. तिला विचारायचं राहून गेलं होतं. चांगली पाच वर्षं राहून गेलं होतं.

मी समितीचा चिटणीस. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, अक्षर बरं आहे, म्हणून वही माझ्याकडे आली. अध्यक्ष दाताचे डॉक्टर. बाकीचे नऊ जण फोटोत उभे राहायला उपयोगी पडायचे. आणि ही बाई म्हणजे ओढ्याकाठी शिवणाचं दुकान चालवणाऱ्या टेपमावशी. माप घ्यायची फीत सकाळी जी गळ्यात पडायची ती दुकान बंद होईपर्यंत, म्हणून हे नाव. कुणी ठेवलं ते ठाऊक नाही, पण मावशींना त्याचा राग नव्हता. "गळ्यात काहीतरी आहे म्हणायचं," एवढंच म्हणून हसायच्या.

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. एक पायाची मशिन, एक मोटरची, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेले तयार कपडे. कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर त्यांच्या सासूबाई बसायच्या. त्यांना दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं, पण बोटांनी चाचपून बटणं लावायच्या आणि एकही वाकडं लागायचं नाही. मागची खिडकी ओढ्यावर उघडायची. उघडायची म्हणजे, उघडता आली असती. त्या वासाला कंटाळून मावशींनी तिच्यावर पुठ्ठा ठोकला होता.

त्या पुठ्ठ्यापासूनच त्यांचं समाजकार्य सुरू झालं असं म्हणता येईल. हा शब्द त्यांना अजिबात आवडायचा नाही. "समाजकार्य कसलं मास्तर, मला खिडकी उघडायचीय," म्हणायच्या.

आमचा सह्यांचा कागद समितीने शंभर ठिकाणी ठेवला. भरून आला तो फक्त त्यांच्याकडचा. गिऱ्हाईक शर्ट न्यायला आलं की शर्टाआधी कागद पुढे यायचा. एकदा माझ्यासमोर एक जण म्हणाला, "घाईत आहे, पुढच्या वेळी करतो सही." मावशींनी शर्ट परत खिळ्याला लावला. "मग शर्टही पुढच्या वेळी." त्याने निमूटपणे सही केली, वर बायकोचीही करू का म्हणून विचारलं. "तिला हात आहेत ना? तिला पाठवा," म्हणाल्या.

आमचे सगळे फलक त्यांनी जुन्या चादरींवर शिवले. अक्षरं उरलेल्या कापडाची. प्लॅस्टिकचा फलक छापून आणू म्हणणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, "तो नंतर कुठे टाकणार? ओढ्यातच ना?" चिंध्यांच्या पिशव्या शिवून त्या आसपासच्या दुकानांत टांगून आल्या. लागली तर न्या, पुढच्या खेपेला परत आणून टांगा. गॅरेजवाला काळं तेल ओढ्यात ओतायचा. समितीने त्याला पत्र पाठवलं, त्याने त्यावर हात पुसले. मावशी आठ दिवस रोज दुपारी त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत, नुसत्या त्याच्याशी गप्पा मारत राहिल्या. नवव्या दिवशी तो डबे भरून तेल विकायला लागला. "बाईंच्या गप्पांपेक्षा हे परवडलं," असं सगळ्यांना सांगायचा.

शनिवारच्या साफसफाईला त्या सातला हजर, जुन्या जीनचे हातमोजे शिवून. आम्ही साडेआठला यायचो, फोटो काढायचो, नऊला पांगायचो. तिसऱ्या वर्षी त्यांनी खिडकीवरचा पुठ्ठा काढला, तेव्हा मला दुकानात बोलावून दाखवलं. ओढ्यावर एक बगळा उभा होता. सासूबाईंना तो दिसला नाही, पण वारा लागला. "कुठून येतोय गं?" त्यांनी विचारलं. मावशींनी त्यांचा हात धरून खिडकीबाहेर काढला.

मग वरच्या अंगाला एका बिल्डरने जमीन घेतली. ओढा पाइपात घालून वर गाड्या लावायची जागा करायची असा त्याचा बेत. भिंतीचं काम सुरूही केलं. आम्ही पालिकेत धावलो. नियम साधा होता. पुराचं पाणी जिथवर चढतं त्या खुणेपासून वीस फूट कुठलंही बांधकाम चालत नाही. पण खूण कुठे ते कोण सांगणार? पालिकेकडे ओढ्याचा नकाशाच नव्हता. अधिकारी म्हणाले, तुम्ही मोजून आणा, आम्ही विचार करू. आपण मोजायचं आणि त्यांनी विचार करायचा, अशी वाटणी झाली.

डॉक्टरांनी लाल किरणांनी मोजणारं यंत्र मागवलं. ते झुडपांची पानं मोजत बसलं. शेवटी लांब फीत आली आणि फीत म्हटल्यावर मावशी आल्या. ओढ्याच्या मधोमध काठी रोवायची आणि तिथून दोन्ही काठांवरच्या पुराच्या खुणेपर्यंत माप घ्यायचं. झाडांच्या बुंध्यांवर सुकलेल्या चिखलाची रेघ असतेच. चाळीस ठिकाणी मोजायचं होतं. त्या चिखलात उतरून आकडा सांगायच्या, मी काठावर वहीत लिहायचो.

तिसऱ्या ठिकाणी माझं फितीकडे लक्ष गेलं. फितीवर अकरा फूट होते. मावशी म्हणाल्या, "तेरा."

"अकरा दिसतायत की."

"अकराच आहेत. दोन माया धरून तेरा."

शिवणकामात कापडाची जास्तीची पट्टी आत सोडतात तिला माया म्हणतात. मावशींचा नवरा होता तेव्हा त्या माप घ्यायच्या आणि तो कापायचा. त्याने थेट कात्री चालवावी म्हणून त्या आकडा माया धरूनच सांगायच्या. नवरा गेला त्याला वीस वर्षं झाली, तोंडाची सवय गेली नव्हती. "आणि पाण्याला नको का बसाय-उठायला जागा?" म्हणाल्या. "अंगाला घट्ट शिवलं की पहिल्याच धुण्यात उसवतं. तुम्ही नकाशा काढताना काय ते बघून घ्या."

मी हसलो आणि तेरा लिहिले. पुढेही त्या सांगतील ते लिहीत गेलो. घरी बसून ते दोन-दोन फूट वजा करायचे होते, हे मला पक्कं कळलं होतं. केले नाहीत. आकडे मोठे होते, ओढा रुंद दिसत होता, आणि ओढा रुंद दिसणं आमच्या सोयीचं होतं.

नकाशा मी बावीस दिवस काढला. शाई, जलरंग, उत्तर दिशेचा बाण, सगळं झोकात. आयुष्यभर पोरांना फळं आणि फुलदाण्या काढायला शिकवल्या, पण माझ्या हातचं काही कुणी भिंतीवर लावलं नव्हतं. हा नकाशा पालिकेने काच लावून टांगला. मी दोनदा केवळ तो बघायला तिथे गेलो. पालिकेच्या माणसाने तोच उतरवून संगणकात घातला आणि वीस फुटांची रेघ ओढली. त्या पट्ट्यात दोनच बांधकामं आली. बिल्डरची भिंत आणि मावशींचं दुकान.

भिंत चांगली दहा फूट आत होती. दुकानाची मागची बाजू खऱ्या खुणेपासून एकवीस फुटांवर, म्हणजे नियमात. माझ्या नकाशात ती एकोणिसावर आली. एका फुटासाठी पूर्ण दुकान काढायचं, अशी नोटीस शटरवर चिकटवली गेली. तीस वर्षांचा परवाना असून.

मावशी नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. चिडलेल्या नव्हत्या. "मास्तर, तुम्ही माया काढायला विसरलात वाटतं," एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, बघतो. डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

डॉक्टर हुशार माणूस. त्यांनी दवाखान्याचं दार लावून घेतलं. "सर, एक आकडा चुकला म्हटलं की बिल्डरचा वकील चाळीसही चुकले म्हणणार. पाच वर्षांवर पाणी पडेल. बाईंना आपण दुसरीकडे जागा बघून देऊ ना."

"पण भिंत तर खऱ्या मापानेही पडते," मी म्हणालो.

"पडते. पण नकाशावरून तुमचं नाव जाईल." आणि खुर्चीतल्या पेशंटला तोंड उघडायला सांगतात त्याच गोडीने ते पुढे म्हणाले, "तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. मला भाग पाडलं, दबाव आणला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. कुणीही भाग पाडलं नव्हतं.

सुनावणी सकाळी अकराला होती. लांबट खोली, पंखे, एका बाजूला बिल्डर आणि त्याचा वकील, दुसरीकडे आम्ही अकरा जण. मावशी शेवटच्या बाकावर, शेजारी सासूबाई. त्यांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. दुकानाचा विषय निघाला तशा मावशी उभ्या राहिल्या.

"साहेब, ते आकडे मी सांगितलेत. प्रत्येकात दोन फूट जास्तीचे आहेत. आमच्या कामात तसंच सांगतात. ते वजा करा. भिंत तरीही आतच येते, मी पुन्हा मोजून आलेय. माझं दुकान मात्र बाहेर राहतं."

वकील खुर्चीत सरसावून बसला. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "पाच महिने हे लक्षात नाही आलं? नोटीस आल्यावर आलं?"

"नकाशा मला कुणी दाखवलाच नाही, साहेब."

खरं होतं ते. नकाशाच्या उद्घाटनाला सगळ्यांना बोलावलं होतं, मावशींना कळवायचं राहून गेलं होतं.

"वही कुणी लिहिली?"

मी उभा राहिलो.

"फितीवरचा आकडा आणि यांनी सांगितलेला आकडा वेगळा होता का?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या, अगदी निर्धास्त. घाबरलेलं माणूस असं बघत नाही. मास्तर आहेत, सांगतील, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. ते वाचून मी म्हणालो, "नाही. फितीवर होता तोच लिहिलाय."

"बसा," अधिकारी म्हणाले. मग मावशींना, जरा समजुतीच्या सुरात, "बाई, स्वतःचं दुकान जातंय म्हणून चांगल्या कामाला खीळ घालू नका."

"काय म्हणाले गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही आई, चला," मावशी म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून बाहेर गेल्या. माझ्याजवळून जाताना थांबल्या नाहीत. थांबून थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. हेही आपल्या सोयीचंच वाटणं.

घरी बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, आपण जिंकलो. तिला बाहेरून सगळं कळलं होतं. "तुम्ही काय बोललात ते विचारतेय," म्हणाली. मी वही कपाटात ठेवली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी बोलली ती भाजी काय आणायची एवढंच.

भिंत पडली. दुकान त्याच आठवड्यात पडलं, सकाळी दहाला सुरू केलं आणि जेवायच्या सुट्टीआधी आटोपलं. डॉक्टरांनी दुसरी जागा बघितली नाही. बघणार होते, मग दिल्या-घेतल्या शब्दांना जे होतं ते झालं. आता तिथे फिरायची वाट आहे, बाकं आहेत. लोक संध्याकाळी येतात, ओढा किती स्वच्छ म्हणतात. समितीला पालिकेने मानपत्र दिलं. मानपत्रात अकरा नावं आहेत आणि माझ्या नावापुढे कंसात 'नकाशाकार' असं लिहिलंय.

वर्षभराने बिल्डर पुन्हा उठला. आणखी वरच्या अंगाला दुसरी जमीन, पुन्हा पाइप. तिथलंही मोजायला हवं. बैठकीत कुणीतरी म्हणालं, त्या टेपमावशी काय सुरेख मोजायच्या, त्यांना बोलवा ना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चिटणीस मीच होतो.

मावशी आता गणवेश शिवायच्या कारखान्यात होत्या. मी दुपारच्या सुट्टीत फाटकाशी गेलो. त्या आल्या, हात पुसत. वाळल्या होत्या.

"कसं चाललंय?"

"कॉलर लावते. दिवसभर कॉलरच."

"सासूबाई?"

"घरी असतात. इथे बटणांना मशिन आहे."

मी वरच्या अंगाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. किती लांब आहे, काठाला झुडपं आहेत का, तिथे कुणाची घरं येतात का, असं एकेक विचारलं. मग म्हणाल्या, "पाइपात घातला तर खालीही काही उरणार नाही. मोजायलाच हवा. रविवारी मला सुट्टी असते. येईन मी."

मी आभार मानायला लागलो.

"पण तुम्ही नको," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दुसरं कुणीही लिहायला येऊ दे. तुम्ही असाल तर मी येणार नाही. समितीला तसं सांगा."

भोंगा झाला. त्या आत गेल्या.

संध्याकाळी बैठकीत डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणाल्या बाई?"

दहा जण माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं तर मी का नको तेही सांगावं लागलं असतं.

"नाही जमणार म्हणाल्या," मी म्हणालो.

"अरेरे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढचा विषय घेतला. मी वही उघडली आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, बाईंनी असमर्थता कळवली.