न घातलेली बादली

सायखेड्याहून निघताना आई टेम्पोत पुढे बसली होती, पण तिचं तोंड मागे होतं. मागच्या काचेतून तिला तिचा तांब्याचा बंब दिसत होता. गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, पूर ओसरून आठ दिवस झाले होते. घराच्या भिंतींना छातीपर्यंत ओल होती आणि माझ्या धाकट्या भावाने, सुदामने, बिऱ्हाड मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवलं होतं. तिथे म्हाताऱ्या माणसाचे हाल नकोत, म्हणून घर नीट होईस्तोवर आईने माझ्याकडे नाशिकला राहायचं असं ठरलं. तिची अट एकच होती. "बंब येत आसंल तर मी येते. नायतर हाय तिथं बरी हाय." माझ्याकडे गिझर आहे, बटण दाबलं की पाणी गरम, असं मी म्हटलं, तर तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी टेम्पोत बंबाला जागा करून घेतली.

तरुणपणी मी त्याच घरातून निघाले तेव्हा एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. शाळेत क्लार्कची नोकरी लागली होती आणि पायात भिंगरी होती. लग्नाच्या भानगडीत पडले नाही. पुढे गंगापूर रोडला तळमजल्यावर लहानसा फ्लॅट घेतला आणि एकटीचं कसं छान चाललंय हे ज्याला त्याला सांगत सुटले. सांगायला काय जातं?

आज हे लिहायला बसले ते नंदामुळे. आमची धाकटी बहीण नंदा इंग्लंडला असते. परवा तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं की घरभर गरम पाणी फिरवून खोल्या उबदार ठेवणारा त्यांचा जुना बॉयलर या हिवाळ्यात तिसऱ्यांदा बंद पडलाय. बाहेर बर्फ, मेकॅनिक गुरुवारशिवाय यायचा नाही, आणि सगळे कोट घालून स्वयंपाकघरात बसलेत. शेवटी तिने लिहिलं, "आईने त्या दिवशी विसरून कोरडा पेटवला नसता, तर तिचा बंब अजून चालला असता. बिचारी." सुदामने खाली हात जोडल्याची खूण टाकली. मी उठून चहा केला आणि तो तसाच गार झाला.

सुदाम, नंदा, आई विसरली नव्हती.

बंब माझ्या फ्लॅटमागच्या मोकळ्या जागेत बसवला होता. सुदाम द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या पोत्यात भरून पाठवायचा, त्यावर तो पेटायचा. तोही आईसारखाच थकलेला होता. तोटी गळायची, तिला आई चिंधी बांधायची. बुडाशी ठिगळ होतं. वरच्या मजल्यावरच्या बाई वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास लागतो म्हणून रोज कुरकुरायच्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की मी मान खाली घालून बसायचे. आणि तरी, खरं सांगते, सकाळी त्या काड्यांच्या वासाने जाग आली की मला बरं वाटायचं. घरात आपल्याआधी कुणीतरी उठलंय, हे सुख मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

बंबाचा नियम आपण तिघांनी लहानपणी पाठ केला होता. गरम बादली घेतली की गार बादली घालायची. ज्याने घेतली त्यानेच घालायची. "बंबाला तहानेला ठिवू नये," आई म्हणायची. या नियमावरून तुम्ही दोघांनी माझ्याकडून पाठीत धपाटेही खाल्लेत.

त्या दिवशी शाळेच्या क्रीडास्पर्धा होत्या. मी धुळीने माखून संध्याकाळी घरी आले. आईने दुपारीच निखाऱ्यांवर बंब काठोकाठ भरून ठेवला होता आणि ती देवळात गेली होती. मी केस धुतले, पाय शेकले. दोन मोठ्या बादल्या काढल्या, म्हणजे सगळाच बंब. पाठ दुखत होती. घालू नंतर, म्हटलं. ते नंतर आलंच नाही.

सकाळी आईने नेहमीच्या भरवशाने काड्या पेटवल्या. थोड्या वेळाने टण्णकन आवाज आला. मी धावत गेले तर तोटी फरशीवर पडलेली, जोड सांधणारा कथलाचा डाख वितळून त्याचे थेंब सांडलेले, आणि आई हातात फुंकणी घेऊन तशीच उभी. तिने मला विचारलं, "पुष्पे, काल दुपारी भरला व्हता ना गं मी?"

एवढं एकच तिने विचारलं. मला हो म्हणायचं होतं, बस्स. पण वरच्या बाई गॅलरीतून वाकून बघत होत्या, बंब गेला तर सोसायटीची कटकट जाईल हेही डोक्यात चमकून गेलं, आणि आपली चूक कबूल करायची सवय मला कधी नव्हतीच. मी म्हटलं, "मला काय माहीत? विसरली असशील. वय झालं आता."

"आसंल माय," ती म्हणाली. "इसरले आसंन."

त्यानंतर ती गॅसचं बटण तीनतीनदा बघायला लागली. देवाजवळचा दिवा मला लावायला सांगायची. जेवण झालं की आपण जेवलो का, हेही मलाच विचारून खात्री करायची. सगळं नीट आठवत असून ती स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवेना. दिवाळीत घर दुरुस्त करून सुदाम तिला न्यायला आला, तेव्हा ती नको म्हणाली. सुदाम, तू सोसायटीच्या गेटपाशी मोटरसायकलला किक मारताना मला म्हणालास, "तिला आता शहराची सवय लागली, आक्का." तसं नव्हतं रे. तू गेल्यावर ती मला म्हणाली होती, "तिथं चूल, चारा, लेकरं. इसरभोळी म्हातारी काय तरी पेटवून बसंन." तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. बंब गेला होता, पण आई राहिली होती, आणि ती मला हवी होती. दोन वर्षांनी तिने माझ्याकडेच डोळे मिटले. आपल्या घराचा उंबरा तिने पुन्हा पाहिला नाही, तो माझ्यामुळे.

नंदाचा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी इतकी वर्षं मागच्या जागेत पडून असलेला बंब रिक्षात घालून भांडीबाजारात एका म्हाताऱ्या तांबटाकडे नेला. त्याने आत हात फिरवला आणि लगेच म्हणाला, "कोरडा पेटवला व्हता ना कोणीतरी?" मी म्हटलं, पेटवला आईने, कोरडा ठेवला मी. परक्या माणसाला सांगणं इतकं सोपं गेलं याचीच मला लाज वाटली. त्याने नवा डाख दिला, नवी तोटी बसवली.

नंदा, तुझा बॉयलर गुरुवारी सुरू झाला की कळव, इथे जीव टांगणीला आहे. आणि सुदाम, रविवारी मी टेम्पो घेऊन येतेय. इतकी वर्षं कुणी विचारलं की मी माझं घर नाशिकला आहे असं सांगत आले. पण जिथलं देणं राहिलंय तेच आपलं घर असतं, हे मला या वयात कळलं. तू बोलू नकोस माझ्याशी, चालेल. बंब मोरीपाशी जुन्या जागेवर ठेवू दे आणि पहिली बादली मला घालू दे. पेटवायचा की नाही, ते तू ठरव.